मागचे पाय गेलेला कुत्रा थेट दत्तक घ्यावा की आधी फॉस्टर करावा?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगावात भाड्याचं घर, पहिला मजला, दोघंही नोकरीला. हायवेवर गाडीने उडवलेला, कमरेखालून लुळा पडलेला तरुण कुत्रा प्राणीमित्रांनी उचललाय आणि तुमचा त्याच्यावर जीव जडलाय. थेट दत्तक घ्यावा की काही दिवस फॉस्टर, म्हणजे तात्पुरता सांभाळ?

आधी फॉस्टर. आणि तेही त्याची लघवी काढायला शिकल्यावरच.

लोक पायांचं बघतात, पण खरं काम मूत्राशयाचं असतं. कण्याला मार बसलेल्या बऱ्याच कुत्र्यांना स्वतःहून लघवी करता येत नाही. थेंब थेंब गळतं, आपल्याला वाटतं झाली, पण ते नुसतं भरून सांडणं असतं. आत साचून राहिली की जंतुसंसर्ग होतो, पुढे किडनीवर जातं. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा हाताने दाबून काढावी लागते. कुत्र्याला आधार देऊन उभं करायचं, दोन्ही तळवे मागच्या मांड्यांच्या पुढे पोटाला दोन्ही बाजूंनी लावायचे आणि चाचपायचं. पाणी भरलेल्या फुग्यासारखं काहीतरी हाताला लागतं. ते घट्ट धरायचं नाही, बोटं रुतवायची नाहीत. सपाट हाताने, एकसारखा, शेपटीच्या दिशेने दाब द्यायचा. धार बारीक झाली म्हणून सोडू नका, पुन्हा चाचपून बघा. नर असेल तर सुरुवातीला हात भरून येतात. हे वाचून जमत नाही. डॉक्टरांनी तुमच्या हातावर हात ठेवून दाखवायला हवं. लघवी गढूळ, उग्र वासाची किंवा लालसर दिसली तर त्याच दिवशी दवाखाना.

आता तुमच्या घरात दुपारची पाळी कोण करणार? लग्नसराईत दोन दिवस चोपड्याला नाहीतर शिरपूरला जायचं ठरलं तर कोण करणार? याचं उत्तर नसेल तर प्रेम कितीही असो, दत्तक घेऊ नका.

बाकीचं त्या मानाने सोपं आहे. फरशीवर घासत फिरून पायांना जखमा होतात आणि पावसाळ्यात त्यात अळ्या पडायला वेळ लागत नाही, म्हणून रोज संध्याकाळी बोटांच्या बेचक्यांपर्यंत बघायचं. खाली मेणकापड, वर गादी, त्यावर रोज धुता येईल असं सुती कापड. नुसती गोधडी ओल धरते. दर काही तासांनी कूस बदलायची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि ह्याला कमरेखाली चटका कळत नाही. दुपारी गच्चीवर किंवा उन्हाच्या गॅलरीत अजिबात नको. डायपर लावा, पण चोवीस तास नको, कातडी सोलवटते. दूध-भाकरी बंद. दुधाने बऱ्याच कुत्र्यांना पातळ होतं, आणि पातळ झालेला लुळा कुत्रा धुणं काय असतं ते करणाऱ्यालाच कळतं. भात, चिकन, उकडलेलं अंडं, थोडं गंगाफळ (लाल भोपळा). आपल्या घरातली दुखण्याची गोळी कधीही देऊ नका. ब्रुफेन, डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, किडनी जाते.

पाय परत येतील का? बोट चिमटल्यावर पाय मागे ओढला म्हणून हुरळून जाऊ नका, तो नुसता झटका असू शकतो. चिमटल्यावर त्याने मान वळवून बघितलं किंवा केकाटला, तर संवेदना आहे आणि आशा बरी. नसेल तर चाकांची गाडी. पीव्हीसी पाइप आणि दोन चाकं घेऊन स्थानिक कारागीरही करून देतो, माप मात्र नीट घ्यायचं. गाडीत त्याला आडवं होता येत नाही, त्यामुळे सुरुवातीला थोडाच वेळ, आणि तुम्ही समोर असताना. माझी आई आधी म्हणायची, ‘तुले काही कामधंदा शे का नही?’ आता गाडीचे पट्टे तीच बांधते.

फॉस्टर म्हणजे कमी प्रतीची माया असं समजू नका. महिनाभर सांभाळलंत तरी कुत्र्याच्या जखमा भरतात आणि तुमच्या घराला हे झेपतं का ते कळतं. घरमालकाला आधीच सांगा. वास लपत नाही.

घरी आणण्याआधी त्या प्राणीमित्रांना तीन गोष्टी विचारा. एक, अपघात कोणी डोळ्यांनी पाहिला का आणि एक्स-रे आहे का? कारण मागचे पाय डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूच्या आजारानेही जातात आणि रेबीजनेही. रेबीजचा एक प्रकार असा मुका असतो की कुत्रा चावत सुटत नाही, नुसता लुळा पडतो, जबडा लोंबतो, लाळ गळते. असा कुत्रा साधारण १० दिवसांत दगावतो, म्हणून तेवढे दिवस उलटल्याशिवाय त्याला घरात घेऊ नका, आणि तुम्ही दोघंही रेबीजची लस आधीच टोचून घ्या. दोन, त्याचं लसीकरण आणि नसबंदी कोण करणार, खर्च कोणाचा? तीन, नाही जमलं तर ते परत घेणार का? हे तिसरं तोंडी नको, लिहून घ्या.