लिव्हरच्या कॅन्सरबद्दल गावात जनजागृती करायची आहे, नेमकं काय सांगावं?

तुमच्या मंडळाला यंदा गणपतीत दारूच्या बाटलीचा देखावा करून ‘लिव्हर वाचवा’ असा फलक लावायचा आहे आणि सोबत आणखी काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय. माझी कळकळीची विनंती आहे, तो बाटलीचा देखावा तेवढा करू नका.

आमचे आप्पा माळकरी. दारूच्या थेंबाला कधी शिवले नाहीत. 2016 मध्ये त्यांना लिव्हरचा कॅन्सर निघाला, तेव्हा भेटायला येणारा जो तो आईला बाजूला घेऊन हळूच विचारायचा, “घेत होते का हो?” शेवटी शेवटी तर माणूस उंबऱ्यात चपला काढतोय तोवरच ती सांगून टाकायची, “आमच्यात कुणी घेत नाही.” दारूने लिव्हरला सिरॉसिस होतो, म्हणजे ते निबर होतं, आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो, हे खरंच आहे. पण ते गावाला पाठ आहे. जे ठाऊक नाही ते सांगा.

आप्पांच्या दुखण्याचं मूळ हिपॅटायटिस बी, म्हणजे लिव्हरला सूज आणणाऱ्या विषाणूची लागण, होतं, आणि ते अकरा वर्षं आधीच कळलं होतं. 2005 मध्ये त्यांनी शिबिरात रक्त दिलं. नंतर रक्तपेढीने बोलावून एक कागद हातात ठेवला आणि “तुम्हाला कावीळ आहे, परत रक्त देऊ नका” एवढंच सांगितलं. कावीळ म्हटल्यावर आपल्याकडे काय होतं ते तुम्ही जाणताच. डोळे पिवळे नाहीत, लघवी पिवळी नाही, तरी घरच्यांनी त्यांना माळवाल्याकडे नेलं. डोक्यावर ठेवलेली ती काड्यांच्या तुकड्यांची माळ आधी गळ्यात आली, मग छातीपर्यंत उतरली. ओल्या काड्या वाळून आकसतात, दोऱ्याच्या गाठी सैल होतात, म्हणून ती लांबते. आम्हाला वाटलं कावीळ उतरली. कागद पत्र्याच्या डब्यात गेला.

सगळा घात त्या एका शब्दाने केला. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए आणि ई ही कावीळ बहुतेकांची आपली आपणच बरी होते, आणि श्रेय माळेला जातं. बी आणि सी मात्र रक्तात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकू शकतात. डोळे पांढरे, भूक चांगली, माणूस शेतात राबतोय, आणि आत लिव्हर हळूहळू निबर होत जातं. आप्पांना उजव्या बरगडीखाली जड वाटू लागलं तोवर गाठ नऊ सेंटिमीटरची झाली होती. चार महिन्यांत गेले.

म्हणून फलकावर एकच प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहा: ‘तुमची बी आणि सी तपासली का?’ हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम 28 जुलै 2018 पासून सुरू आहे, त्यात सरकारी दवाखान्यात या तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. सी बहुतेकांची साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरी होते. बी सहसा मुळातून जात नाही, पण गोळ्यांनी आवरून धरता येते. आप्पांनंतर आम्ही सगळ्यांनी तपासून घेतलं, धाकट्या भावाला बी निघाली. तो दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपीची (लिव्हरच्या गाठीचा इशारा देऊ शकणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाची) तपासणी करतो. गाठ झालीच तर लहान असताना सापडावी, एवढ्यासाठी.

दुसरं काम गरोदर बायकांमध्ये करा, आशाताईंना सोबत घ्या. बाळंतपणात आईकडून बी झालेल्या दहांतल्या नऊ बाळांमध्ये ती कायमची राहते. मोठेपणी लागण झाली तर शंभरात पाचांपेक्षाही कमी जणांत राहते. म्हणून जन्मल्यापासून 24 तासांच्या आत पहिली लस हवी, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लशीतून. तैवानने 1984 मध्ये नवजात बाळांना ही लस सुरू केली आणि दहा वर्षांत तिथल्या शाळकरी मुलांमधलं लिव्हर कॅन्सरचं प्रमाण निम्म्यावर आलं. बारशाला जाल तेव्हा बाळाच्या कार्डावरचा जन्मतः दिलेल्या लसीचा रकाना भरलाय का, एवढं बघा. मोठ्यांनाही तीन डोस घेता येतात.

शेंगदाण्यांवरही बोला, आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. बुरशी लागलेल्या, काळपट, कडू दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष असू शकतं, त्यानेही हा कॅन्सर होतो आणि भाजल्याने ते पुरतं जात नाही. वेचून काढलेले दाणे कुटाला वापरू नका, फेकून द्या.

लोक ऐकत नसतील तर अमिताभ बच्चन यांचं नाव घ्या. 1982 च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून त्यांना बी झाली, आणि ते कळलं कित्येक वर्षांनी. हे ते स्वतः जाहीरपणे सांगतात.

आणि एक. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, हे ठणकावून सांगा. ही कावीळ रक्तातून, सुईतून, सलूनमधल्या वस्तऱ्यातून, शरीरसंबंधातून पसरते, एका ताटात जेवल्याने नाही. आमच्या घरी आप्पांचा तांब्या वेगळा ठेवला होता. ते काही बोलले नाहीत, पण पाणी मागायचंच कमी केलं.

शिबिर घेणार असाल तर निकाल मांडवात पुकारू नका, प्रत्येकाला एकट्याला बसवून सांगा. ज्याची तपासणी पॉझिटिव्ह येईल त्याच्या कागदावर कुठल्या दवाखान्यात, कुठल्या खोलीत आणि कुठल्या वारी जायचं ते पेनाने लिहून द्या. आप्पांचा तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्यावर यातलं काहीच लिहिलेलं नाही.