सुटलेल्या पुठ्ठ्यांसाठी पेटी

प्रश्न : पणजोबांची कातडी बांधणीची पुस्तके घरी आहेत. पुठ्ठे सुटलेत, हाताला तांबूस भुकटी लागते. पेटी घरी करता येईल का? – एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : येईल की! भुकटी म्हणजे कातडं कुजत चाललंय. त्याला तेल चोपडू नका (हा उपाय कोण पसरवतं देव जाणे), चिकटपट्टीही नको.

पेटीसाठी पुठ्ठा आम्लमुक्तच मागवा. किराणा दुकानातल्या खोक्याचा तपकिरी पुठ्ठा स्वतःच आम्ल सोडतो. पुस्तकाची जाडी तीन-चार ठिकाणी मोजा आणि सर्वांत मोठं माप धरा. जुनं पुस्तक कण्याकडे एक भरतं, उघडत्या बाजूला भलतंच. दोन पट्ट्या कापा, एक पुस्तकाच्या उंचीइतकी रुंद, दुसरी पुस्तकाच्या रुंदीइतकी. मापात एक-दोन मिलिमीटर सैल ठेवा. अधिक चिन्हासारख्या एकमेकींवर ठेवून मधला भाग चिकटवा, चारही बाजू वर दुमडा. बाहेरून येणाऱ्या दुमडीला आतल्या पुठ्ठ्याच्या जाडीएवढं जास्त माप द्यायचं, इथंच बहुतेकांची पेटी फसते. दुमडीची रेघ विणायच्या सुईच्या बोथट टोकाने दाबा, ब्लेड नको. चिकटवलेलं पूर्ण वाळल्यावरच पुस्तक आत. सुटलेला पुठ्ठा आम्लमुक्त कागदात गुंडाळून त्याच पेटीत ठेवा.

वर सुती नाडी, सैलसर. गुंडाळायला पोथीचं लाल फडकं नको, ओल लागली की ते रंग सोडतं. खळ जाईपर्यंत धुतलेला कोरा मांजरपाट बरा. पेटी आडवी ठेवा, पण पत्र्याखालच्या माळ्यावर नाही. आपल्याकडचा मे कातड्याला मानवत नाही.