व्हर्च्युअल मशीनमधली अक्षरं पुसट का दिसतात?

प्रश्न : लॅपटॉपवर विंडोज आहे. कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आतच दुसरा, व्हर्च्युअल संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं. स्क्रीन १९२०×१०८० चा आहे, पण उबुंटूच्या सेटिंग्जमध्ये ८००×६०० च्या वर पर्यायच येत नाही. व्हिडिओ मेमरी १२८ एमबी केली, फरक नाही. स्केल्ड मोडमध्ये स्क्रीन भरतो, पण अक्षरं पुसट दिसतात.
— एक विद्यार्थिनी, मुलुंड

उत्तर : मेमरी कमी पडतच नव्हती. एका पिक्सेलला ४ बाइट धरले तरी १९२०×१०८० च्या चित्राला जेमतेम ८ एमबी लागतात. स्केल्ड मोडही बंद करा (उजवं कंट्रोल आणि सी). तो ८००×६०० चंच चित्र ताणून दाखवतो, म्हणून अक्षरं पुसट होतात.

खरी अडचण ड्रायव्हरची आहे. व्हर्च्युअल मशीनच्या खिडकीचा आकार किती झाला हे उबुंटूला सांगण्याचं काम ‘गेस्ट ॲडिशन्स’ हे उबुंटूच्या आत टाकायचं व्हर्च्युअलबॉक्सचं पूरक सॉफ्टवेअर करतं. मशीन आधी पूर्ण शटडाउन करा. नुसतं ‘सेव्ह स्टेट’ केलं असेल तर सेटिंग्ज बदलता येत नाहीत. व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंग्जमधल्या डिस्प्लेमध्ये ग्राफिक्स कंट्रोलर ‘व्हीएमएसव्हीजीए’ निवडा. (मशीनमध्ये विंडोज असेल तर ‘व्हीबॉक्सएसव्हीजीए’.)

मशीन सुरू करून टर्मिनलमधून ‘बिल्ड-एसेन्शियल’, ‘डीकेएमएस’ आणि चालू कर्नलचे (उबुंटूच्या गाभ्याचे) हेडर्स ही ड्रायव्हर तयार करायला लागणारी पॅकेजेस टाका. ही पायरी अजिबात गाळू नका. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं : हेडर्स नसले की गेस्ट ॲडिशन्सचं कर्नल मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलला जोडायचा भाग) तयार होत नाही, आणि इन्स्टॉलेशनच्या शेवटी आलेली ते सांगणारी एक ओळ कुणी वाचत नाही. मग ‘डिव्हायसेस’ मेन्यूतून गेस्ट ॲडिशन्सची सीडी घाला, तिच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा आणि त्यातली लिनक्सची ‘डॉट रन’ फाइल सुडोने (प्रशासकाच्या अधिकारांनी) चालवा. रीस्टार्ट करा. ‘व्ह्यू’ मेन्यूत ‘ऑटो-रिसाइझ गेस्ट डिस्प्ले’वर टिक असली की खिडकी ओढाल तसं रिझोल्यूशन बदलेल.

उबुंटूच्या स्वतःच्या ऑनलाइन सॉफ्टवेअर-भांडारातही गेस्ट ॲडिशन्सची पॅकेजेस मिळतात. सीडी किंवा भांडार, एकच मार्ग धरा. दोन्हींच्या आवृत्त्या एकमेकींत अडकतात.

कर्नल अपडेटनंतर स्क्रीन पुन्हा लहान झाला, तर नव्या कर्नलचे हेडर्स टाकून तीच डॉट रन फाइल पुन्हा चालवा.