तारीख चुकली, वॉरंट निघालं

या वेळच्या टपालात निम्मी पत्रं एकाच दुखण्याची आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या खेपेला.

प्रश्न : माझ्यावर चेक बाऊन्सची केस आहे. गेल्या तारखेला एसटी घाटात बंद पडली आणि कोर्टात पोचायला साडेतीन वाजले. तोवर अजामीनपात्र वॉरंट निघालं होतं. हवालदार म्हणतात, "बघू, सांभाळून घेऊ." पण चेक बाऊन्स तर जामीनपात्र गुन्हा आहे ना?

गुन्हा जामीनपात्र आहे, पण वॉरंट अजामीनपात्र निघू शकतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही जामिनावर सुटलात तेव्हा प्रत्येक तारखेला हजर राहीन असं लिहून दिलंत, ते मोडलं म्हणून हे वॉरंट. रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत) बहुधा एवढंच असेल : "आरोपी गैरहजर. पुकारा केला. अर्ज नाही. वॉरंट काढावे." त्यातलं 'अर्ज नाही' महत्त्वाचं. घाटातून वकिलाला एक फोन केला असतात, तर हजेरी माफीचा अर्ज पडला असता आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागलं असतं.

हवालदारांच्या भरवशावर राहू नका. वॉरंट ज्या कोर्टाने काढलं, रद्दही तेच करतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 72 प्रमाणे (जुनं सीआरपीसीचं 70) ते बजावलं किंवा रद्द केलं जाईपर्यंत जिवंत राहतं. पुढच्या तारखेची वाट पाहू नका. वकिलाला घेऊन उद्याच अकराच्या आत कोर्टात जा, फाईल काढायला लावा आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. एसटीचं तिकीट असेल तर जोडा. आगारातून गाडी बंद पडल्याचा दाखला मिळाला तर सोन्याहून पिवळं. कोर्ट दंड भरायला लावेल, कदाचित नव्याने जातमुचलका किंवा जामीनदार मागेल. दंड नाझरकडे (कोर्टातला पैसे घेणारा कर्मचारी) भरा आणि पावती जपा. वॉरंट रद्द झाल्याचं पत्र पोलीस ठाण्यात पोचलं का, हेही स्वतः जाऊन बघा. कागद कोर्टात रद्द आणि ठाण्याच्या रजिस्टरला चालू, अशी माणसं मी पहाटे उचललेली पाहिली आहेत.

स्वतः गेलेल्या माणसाकडे न्यायाधीश वेगळ्या नजरेने बघतात. पकडून नेलेल्याला तेच कारण सांगताना जड जातं. पोलिसांनी पकडल्यावर 24 तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) कोर्टापुढे न्यावंच लागतं, पण शनिवारी संध्याकाळी उचललं तर रविवारी सुट्टीच्या कोर्टापुढे उभं राहावं लागतं, आणि तुमची फाईल तिथे नसते.

प्रश्न : मुलगा दुबईला नोकरीला आहे. गावच्या जुन्या मारामारीच्या केसमध्ये त्याच्या नावाने वॉरंट आहे. वकिलांकडून परस्पर मिटेल का?

वॉरंट निघण्याआधी असतं तर वकिलामार्फत गैरहजेरीची परवानगी मागता आली असती (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 355). आता बहुतेक कोर्टं "आधी माणूस समोर आणा" म्हणतात. अर्ज जरूर करा, पण त्याच्या सुट्टीची तारीख ठरवून ठेवा. लांबवलंत तर पुढची पायरी उद्घोषणेची, म्हणजे अमुक दिवशी हजर हो असं कोर्ट जाहीर करतं. त्यात हजर व्हायला किमान 30 दिवस मिळतात, मग मालमत्ता जप्त होऊ शकते. उद्घोषणेनंतरही न येणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 209 खाली वेगळा गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. शिवाय वॉरंट चालू असलेल्या माणसाला पासपोर्ट नाकारता येतो, असलेला जप्तही करता येतो. तिकडे नूतनीकरणाला गेला आणि अडकला, तर नोकरीवरच गदा.

प्रश्न : मेहुण्याला जामीन राहिलो. तो तारखेला जात नाही आणि नोटीस मला आली. आता मी तुरुंगात जाणार का?

लगेच नाही. नोटीस आहे ती तुम्ही लिहून दिलेली रक्कम का वसूल करू नये, अशी. उत्तर न देता घरी बसलात तर वसुली लागेल, आणि ती झालीच नाही तर दिवाणी कैदेपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. मेहुण्याला हाताला धरून कोर्टात आणा, म्हणजे रक्कम कमी करून मागायला तोंड राहतं. कोर्टाला त्यातली काही माफ करता येते. पुढे जबाबदारी नको असेल तर जामीनदारकीतून मोकळं करण्याचा अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 489 खाली करता येतो. बायको चार दिवस बोलणार नाही, त्यावर माझ्याकडे कलम नाही.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर माझ्या नावाचं वॉरंट आलं. अशोकस्तंभ, शिक्का, सगळं आहे. "व्हिडिओ कॉल बंद करू नका, पैसे भरा" म्हणतात.

कॉल कापा. 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकार आपल्या कायद्यात नाही, आणि वॉरंट रद्द करायला कोणाच्या खात्यात पैसे पाठवायचे नसतात. मनात शंका उरली तर ई-कोर्ट्सच्या अॅपवर नाव किंवा 16 अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून केस आहे का बघा. पैसे गेले असतील तर आत्ता, हे वाचता वाचताच, 1930 ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन लावा.