तेंदूपत्ता विकायचा कोणी?

प्रश्न : कोरची तालुक्यातील आमच्या गावाला सामूहिक वनहक्काचे प्रमाणपत्र मिळाले आहे, तरीही तेंदूपत्ता विक्रीसाठी ग्रामपंचायतीचा ठराव लागेल, असे ठेकेदार म्हणतो. हे खरे आहे का?
– एक वाचक, जि. गडचिरोली

उत्तर : नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील, म्हणजे तेंदूपत्ता, मोह आणि बांबूवरीलही, मालकी हक्क वनवासी रहिवाशांना दिला असून, २०१२ च्या सुधारित नियमांनुसार वाहतुकीचा परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देते. ग्रामपंचायत ही निवडून आलेल्या सदस्यांची संस्था आहे, तर ग्रामसभा म्हणजे गावातील सर्व प्रौढ. ठेकेदार या दोहोंची गल्लत करतो, आणि ती नेहमीच अजाणता होत असेल असे नाही. बांबू गवत की झाड (झाड ठरले तर ते लाकूड, गौण वनोपज नव्हे), या वादात वनखात्याने बरीच वर्षे घालवली; धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाच्या हाती स्वतःचे वाहतूक परवान्यांचे पुस्तक आले ते २०११ साली, हक्क मान्य झाल्यानंतर दोन वर्षांनी.

मात्र ग्रामसभेचा ठराव पक्का हवा. वनहक्क नियमांप्रमाणे ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर असावेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात. करार लेखी करावा, त्यात दर व पैसे देण्याची मुदत नमूद करावी आणि त्याची प्रत गावाच्या दप्तरात ठेवावी.