लाकडावरच्या कोरीवकामाची हत्यारं घरच्या वर्कशॉपमध्ये कशी ठेवावीत, म्हणजे गंज चढणार नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वीसेक पटाश्या आणि दोन-तीन सुऱ्या आहेत, त्या कॅनव्हासच्या गुंडाळीत बांधून गॅरेजमधल्या पत्र्याच्या पेटीत ठेवता, तरी हवा दमट झाली की पात्यांवर तपकिरी ठिपके दिसतात, म्हणून आता ओकच्या लाकडाचं एक छानसं कपाट करून घ्यावं का? कपाटाचं शेवटी सांगतो. आधी ती हत्यारं गुंडाळीतून बाहेर काढा, शक्यतो आजच.

गुंडाळी ही हत्यारं इकडून तिकडे न्यायला असते. सुती कापड हवेतला ओलावा ओढून घेतं आणि थेट पात्याला लावून ठेवतं. चामड्याच्या म्यानाचंही तेच, वर चामडं कमावताना वापरलेलं टॅनिन किंवा क्रोमचे क्षार त्यात उरलेले असतात. म्यानात सुरी दिवसभर राहिली तर काही बिघडत नाही, वर्षभर राहिली तर बिघडतं. फोम कापून त्यात प्रत्येक हत्याराचा खळगा केलेला खण फोटोत सुरेख दिसतो, पण फोम ओल धरतो आणि जुना झाला की चिकट होऊन पात्याला डसतो.

हत्यारांचे दोन गट करा, आणि दोन्हींसाठी एकच जागा शोधायचा हट्ट सोडा. एक गट रोज हातात येणाऱ्या आठ-दहा हत्यारांचा, दुसरा महिनोन्‌महिने पडून असणाऱ्या बाकीच्यांचा. रोजच्या हत्यारांना गंजाची फारशी भीती नसते, कारण ती सतत पुसली जातात, धार चकाकवायला चामड्याच्या पट्ट्यावर फिरतात. त्यांचा शत्रू म्हणजे शेजारचं हत्यार. दुसऱ्या गटाला कोणी हात लावत नाही, त्यांना हवा खाते. बरेच जण नेमकं उलटं करतात: रोजची हत्यारं डब्यात कोंबतात आणि क्वचित लागणारी भिंतीवर शोभेला टांगतात.

रोजच्या हत्यारांबद्दल आधी. कोरीवकामाच्या पटाशीची धार साधारण २० ते २५ अंशांची असते आणि पोलाद ५८ ते ६२ रॉकवेल (धातूच्या कठीणपणाचं माप) इतकं कठीण. असं पोलाद धार छान धरतं, पण आदळलं की वाकण्याऐवजी त्याची कपची उडते. दोन पाती एकमेकांना एकदा लागली की पुढचा अर्धा तास धारेच्या दगडावर जातो. म्हणून नियम एकच: धारेला काहीही टेकता कामा नये. उथळ खण, त्यात खाचा पाडलेल्या दोन लाकडी पट्ट्या, एक मुठीखाली, एक पात्याच्या मानेखाली, आणि धार अधांतरी. खण जोरात ओढला तरी हत्यार जागचं हलत नाही.

उभं स्टँड हवं असेल तर धार वर की खाली, हा वाद जुना आहे. धार वर ठेवली की हवी ती पटाशी चटकन सापडते, पण मागच्या रांगेतलं हत्यार घ्यायला हात पुढच्या धारांवरून न्यावा लागतो. मी खाली ठेवतो. फळीला भोकं पाडायची, पातं खाली लटकू द्यायचं आणि टोकापासून तळापर्यंत तीन-चार सेंटिमीटर जागा मोकळी सोडायची. मग वरून नुसत्या मुठी दिसतात, तर मुठीवरच आकडा लिहायचा. पटाशीच्या गोलाईचे क्रमांक ‘शेफिल्ड लिस्ट’ नावाच्या जुन्या पद्धतीने ठरलेले आहेत: १ म्हणजे सपाट, ३ ते ९ म्हणजे वाढती गोलाई, ११ म्हणजे खोल ‘यू’. सगळे कारखाने तंतोतंत हेच आकडे पाळत नाहीत, म्हणून आपल्या हत्यारावर जो कोरलेला असेल तोच मुठीवर घ्या आणि शेजारी रुंदी मिलिमीटरमध्ये. काम चालू असताना बेंचवर मात्र हत्यारं धार स्वतःकडे आणि मूठ पलीकडे अशी मांडा, कारण गोलाई डोळ्यांना धारेच्या बाजूनेच कळते.

चुंबकाची पट्टी मला पटत नाही. हत्यार लावताना शेवटचा सेंटिमीटर चुंबक ते आपल्या हातातून हिसकावतो आणि धार ठक्कन आपटते. शिवाय पोलादात थोडं चुंबकत्व उतरतं आणि धार लावताना निघालेला बारीक कीस त्यालाच चिकटून बसतो. चुंबकावर लाकडाची पातळ पट्टी असेल तर सुऱ्यांपुरतं चालेल.

आता गंज. तो पात्याच्या पाठीवर किंवा मानेवर आला तर दिसायला वाईट, कामाला काही नाही. गोल पटाशीच्या आतल्या खोबणीत आला तर खरं नुकसान. धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेषा. बाहेरचा उतार आपण दर वेळी दगडावर घासतो, तिथे ताजं पोलाद सतत उघडं पडतं. आतली खोबण कोणी फारशी घासत नाही, घासू पण नये, कारण तिथलं धातू कमी झालं की गोलाईच बदलते. तिथे मोहरीएवढा खड्डा पडला, की घासत घासत धार मागे सरकून त्या खड्ड्यापर्यंत पोचते तेव्हा बरोबर तेवढ्या जागी कापच बसत नाही, आणि कोरलेल्या लाकडावर प्रत्येक फटक्याला एक बारीक रेघ उमटते. ती रेघ कुठून येते हे शोधताना लोक बाहेरचाच उतार पुन्हा पुन्हा घासत बसतात. भिंग घ्या, उजेडाकडे धरून आत बघा.

म्हणून तेलाचं फडकं आधी आत फिरवायचं. एका छोट्या डबीत सुती कापडाची घट्ट गुंडाळी करून बसवा, तिच्यात तेल मुरवा. जपानी सुतार बांबूच्या नळीत अशीच गुंडाळी ठेवतात. काम संपलं की ढलप्या आणि भुसा झटका, कोरड्या फडक्याने पुसा, मग पातं या गुंडाळीवर टेकवून धारेच्या उलट दिशेने ओढा, आत एकदा, बाहेर एकदा. भुशाचं गांभीर्य लोकांना वाटत नाही, पण पात्याला चिकटलेला भुसा ओल धरून बसतो, आणि ताजं, ओलं लाकूड कोरलं असेल तर त्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून तासाभरात निळे-काळे डाग पाडतं. घामाचंही तसंच. त्यात मीठ असतं, आणि काही दिवसांनी पात्यावर बोटाचा ठसा तपकिरी रेषांसह जसाच्या तसा उमटलेला सापडतो.

तेल कुठलं? शुद्ध मिनरल ऑइल किंवा कॅमेलियाचं तेल, दोन्ही पातळ राहतात. स्वयंपाकाची तेलं चिकट होऊन खवट होतात. जवसाचं तेल मुठींना उत्तम, पण ते वाळून घट्ट पापुद्रा धरतं, म्हणून पात्यांना नको. आणि त्याचा बोळा कपाटात अजिबात ठेवू नका, असे बोळे आपोआप तापून पेट घेतात. सिलिकॉनवालं स्प्रे वर्कशॉपमध्येच नको. त्याचा अंश लाकडावर गेला की पॉलिश करताना तिथे खड्डे उमटतात.

दुसरा गट, म्हणजे पडून राहणारी हत्यारं. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर स्वच्छ पोलादावर गंज फार हळू चढतो. ६०-६५ च्या वर गेली की वेग वाढतो. एक आर्द्रतामापक पेटीच्या आत ठेवा, खोलीत नको, कारण आपल्याला आतलं कळायला हवं. तुमच्या गॅरेजमध्ये मला दुसराही संशय आहे. ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या ओलीचं पाणी होतं ते, जवळपास २४ अंश असतो. रात्रभर थंड होऊन पोलाद २२ अंशांवर आलं असेल आणि सकाळी तुम्ही शटर उघडून ही हवा आत घेतली, तर पात्यांवर अक्षरशः पाणी जमतं. पत्र्याच्या पेटीच्या झाकणालाही आतून घाम फुटतो. लाकडी पेटी हे चढउतार बऱ्यापैकी सोसते. ती जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर, आतल्या भिंतीला लावा.

या हत्यारांना तेलापेक्षा मेण बरं. मायक्रोक्रिस्टलाइन मेण पातळ लावून फडक्याने घासलं की चिकटपणा राहत नाही आणि धूळही बसत नाही; ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत अशा मेणाचं एक मिश्रण वस्तू जपण्यासाठीच तयार केलं गेलं होतं. मग गंजरोधक वाफ सोडणारा कागद, ज्याला व्हीसीआय पेपर म्हणतात, त्यात गुंडाळून झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा. डबा घट्ट नसेल तर त्या कागदाचा काही उपयोग नाही, वाफ निघून जाते. सोबत सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे). ते भरलं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतं. कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे मात्र हत्यारांच्या कपाटात ठेवू नका. ते शोषलेल्या ओलीचं खारं पाणी करतात, आणि ते सांडलं तर एका रात्रीत होणारं नुकसान दमट हवेला वर्षभरात जमणार नाही.

धारेवर घालायला पीव्हीसी नळीचे तुकडे लोक सुचवतात. प्रवासात चालतील. कायमचे नकोत, आत ओल अडकते, आणि पीव्हीसी जुनं होताना आम्लाचा अंश सोडतं.

‘क्रोम-व्हॅनेडियम’ लिहिलेली हत्यारं गंजत नाहीत असं कोणी सांगितलं असेल तर सोडून द्या. त्यांत क्रोमियम साधारण एक टक्का असतं, स्टेनलेस म्हणायला किमान १०.५ टक्के लागतं.

आत्ता जे ठिपके पडलेत ते काढायला चार शून्यांची (0000, अगदी बारीक) स्टील वूल आणि तेल पुरे. खोबणीत लाकडी गोल काठीवर २००० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून फिरवा, काठीची गोलाई पटाशीच्या गोलाईशी जुळेल अशी घ्या, आणि दाब धारेपासून लांब ठेवा. व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचा उपाय धारेच्या हत्यारांना नको, धारच खाल्ली जाते.

तर ओकचं कपाट? करू नका. ओक आणि चेस्टनट ही लाकडं वर्षानुवर्षं अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ सोडत राहतात. बंद कपाटात ती साचते आणि तुम्ही पैसे देऊन गंजच वाढवता. ओकचा मोह आवरत नसेल तर बाहेरची दारं ओकची करा, आतले खण दुसऱ्या लाकडाचे. एमडीएफही (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) आतून नको. दमट दिवसांसाठी तळाशी कमी वॅटची बंदिस्त हीटर-दांडी बसवली तर फार फरक पडतो: आतलं तापमान ५ अंशांनी वाढलं तर ८० टक्क्यांवरची आर्द्रता ६० च्या आसपास येते. ढलप्या आणि भुसा तिच्याजवळ साचू देऊ नका, आणि उघडा बल्ब लावून भागवू नका. पाण्यात भिजवलेले धारेचे दगड या कपाटात कधीच ठेवायचे नाहीत, एक ओला दगड आतली सगळी हवा दमट करतो. चामड्याचा पट्टा ठेवा, पण झाकून, कारण त्यावर पडलेला रेतीचा एक कण धारेचा सत्यानाश करतो.

घरात लहान मुलं असतील तर कुलूप लावा. आणि कपाटाला आतून व्हार्निश केलं असेल तर दारं उघडी ठेवून वास पूर्ण जाऊ द्या, दोन-तीन आठवडे तरी. तोपर्यंत हत्यारं बाहेरच्या घट्ट डब्यातच राहू देत.