मेगापिक्सेल नंतर मोजा, आधी लेन्समध्ये टॉर्च मारा

वाचकांचे प्रश्न : कॅमेरा दुरुस्तीच्या टेबलावरून

प्रश्न : नमस्कार काका. मी भांडुपला राहतो. आयटीआय झालंय, सध्या अप्रेंटिस आहे. फोटोग्राफी मनापासून शिकायची आहे. पगारातून साठवून २५,००० रुपये जमलेत. मित्र म्हणतात, एवढ्यात कॅमेरा येत नाही, त्यापेक्षा ५० मेगापिक्सेलचा फोन घे. एका दुकानदाराने १८ मेगापिक्सेलचा वापरलेला डीएसएलआर दाखवला. १८ म्हणजे फोनपेक्षा कमीच की! यंदा गणपतीत लालबाग-परळचे फोटो काढायचेत. काय घेऊ?

उत्तर : डीएसएलआर घे, म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा. त्या दुकानदाराकडचाच घे असं नाही म्हणत. ते लेन्स बघितल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही.

आधी मेगापिक्सेलचं भूत उतरवू. ६ × ४ इंची फोटो झकास छापायला २ मेगापिक्सेलच्या जरासं वर लागतं. ए-फोर कागदाएवढ्या फोटोला ९ पुरतात. १८ मेगापिक्सेलच्या फाइलमधून १७ × ११ इंचांची प्रिंट स्वच्छ निघते, आणि हल्ली तेवढी मोठी प्रिंट काढतो कोण? शिवाय ५० मेगापिक्सेलवाले बरेचसे फोन नेहमीच्या वापरात चार-चार पिक्सेल एकत्र करून साधारण १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात. खरा फरक सेन्सरच्या, म्हणजे उजेड टिपणाऱ्या आतल्या चिपच्या, आकारात आहे. कॅननच्या साध्या डीएसएलआरचा सेन्सर साधारण २२ × १५ मिलिमीटर. खिशात मावणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्यांत बहुधा ६ × ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढा. फोनचा या दोघांच्या मधे कुठेतरी. सेन्सर मोठा तर उजेड जास्त गोळा होतो आणि अंधारातला फोटो कमी खरखरीत येतो.

फोनला मी नावं ठेवत नाही. रात्री तो पटापट अनेक फोटो काढतो, एकावर एक बसवतो आणि तुला तयार ताट वाढतो. पण सगळं त्याचं तोच ठरवतो. बहुतेक फोनमध्ये लेन्सचं अॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, बदलताही येत नाही. तुला शिकायचंय ना? मग शटर (उजेड किती वेळ घ्यायचा), अॅपर्चर आणि आयएसओ (सेन्सरने तो किती वाढवायचा) या तिघांशी स्वतःच्या बोटांनी झटापट करायला लागेल.

आता मॉडेल. कॅनन १३००डी २०१६ चा, १८ मेगापिक्सेल. १५००डी २०१८ चा, २४. निकॉनमध्ये डी३३००, डी३४००, डी३५००, तिन्ही २४ मेगापिक्सेलचे. यातला जो चांगल्या अवस्थेत मिळेल तो घे. कॅनन की निकॉन यावर मित्रांशी वाद घालण्यात वेळ घालवू नकोस. फक्त कॅनन ३०००डी दाखवला तर जरा थांब. त्याचं लेन्स अडकवायचं माउंट प्लास्टिकचं आहे. नव्यात चालून जातं. पण चार हातांतून फिरलेल्या बॉडीवर मी तरी त्याचा भरवसा धरणार नाही. चष्मा असेल तर आणखी एक गोष्ट : त्या मॉडेलला व्ह्यूफाइंडरचा, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीचा, नंबर जुळवायची सोयच नाही.

हे सगळे इतके स्वस्त का, असं तुला वाटेल. २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन दोघांनी आपले फुल-फ्रेम मिररलेस, म्हणजे मोठ्या सेन्सरचे आणि आत आरसा नसलेले, कॅमेरे बाजारात आणले आणि त्यानंतर कंपन्यांचं लक्षच तिकडे वळलं. लग्नाचे फोटो काढणारे, हौशी, सगळे हळूहळू मिररलेसकडे गेले. त्यांच्या जुन्या बॉड्या आता बाजारात फिरताहेत. कॅमेरा बिघडलाय म्हणून विकायला निघालाय असं प्रत्येक वेळी नसतं, आणि शिकणाऱ्याला याच्याइतका चांगला काळ मी तरी पाहिलेला नाही.

सीएसएमटीला उतर, बोरा बाजारात जा. रविवार टाळ, फोर्टातली बहुतेक दुकानं बंद असतात. खिशात स्वतःचं मेमरी कार्ड ठेव, फोन चार्ज करून ने. आणि दुपारी जा. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली सगळ्याच लेन्स सुंदर दिसतात.

लेन्स बॉडीवरून काढायला सांग. दोन्ही झाकणं काढ. मागच्या बाजूने फोनचा टॉर्च तिरका धर आणि पुढून बघ. धुळीचे चार-दोन कण दिसतील, ते असू देत. प्रत्येक लेन्समध्ये असतात आणि फोटोत दिसत नाहीत. काचेच्या कडेपासून आत येणारे पांढरट धागे शोध. कोळ्याच्या जाळ्यासारखे फांद्या फुटलेले असतात. सरळ उजेडात ते अजिबात दिसत नाहीत, टॉर्च जरा कलता केला की एकदम उठून दिसतात. ती फंगस. मुंबईच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते. वरवरची असेल तर पुसून निघते. काचेवरचं कोटिंग खाल्लेलं असेल तर डाग राहतो तो राहतोच. आणि १८-५५ ची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबतच येणारी साधी झूम लेन्स, उघडून साफ करायला जी मजुरी पडते, जवळजवळ तेवढ्यात दुसरी वापरलेली किट लेन्स येते. त्यामुळे दुकानदार ‘साफ करून देतो’ म्हणाला तर ‘दुसरी दाखवा’ म्हण.

मग बॉडी. अॅपर्चर एफ/२२ वर, म्हणजे अगदी बारीक, ठेव, फोकस मुद्दाम बिघडव आणि पांढऱ्या कागदाचा फोटो काढ. स्क्रीनवर मोठा करून बघ. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती साफ होते, पण भाव करताना उपयोगी पडते. जवळ-लांब दोन्हीकडे फोकस करून बघ, फ्लॅश उडतो का बघ, बॅटरी फुगलेली नाही ना ते हात फिरवून बघ. रबरी ग्रिप सुटली असेल तर घाबरू नकोस, ते किरकोळ काम आहे. निकॉनच्या फोटो फाइलमध्ये शटर किती वेळा उडालंय तो आकडा लिहिलेला असतो, एखाद्या एक्झिफ अॅपमध्ये, म्हणजे फाइलमधली लपलेली माहिती दाखवणाऱ्या अॅपमध्ये, दिसतो. कॅननच्या या मॉडेलांच्या फाइलमध्ये तो नसतो, वेगळं सॉफ्टवेअर लागतं. शटरचा आकडा वीस-तीस हजार असेल तर शांतपणे घे. लाखाच्या आसपास गेला असेल तर किंमत तशी कमी हवी. बिलावर बॉडीचा नंबर लिहून घे.

२५,००० सगळेच्या सगळे बॉडीवर उडवू नकोस. किट लेन्ससकट पंधरा-सतराच्या आत बसव आणि उरलेल्यात एक वापरलेली ‘एफ/१.८’ लेन्स शोध : कॅननला ५० मिलिमीटर एसटीएम, निकॉनला ३५ मिलिमीटर डीएक्स. किट लेन्स पूर्ण झूमवर एफ/५.६ ला असते. एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं, म्हणून त्याच्या मानाने एफ/१.८ मधून जवळपास दहापट उजेड आत येतो. निकॉन घेतलास तर एक फसगत सांभाळ. जुनी ५० मिलिमीटर ‘एएफ-डी’ लेन्स स्वस्तात गळ्यात मारतात, पण डी३००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटरच नाही. ती लेन्स बसेल, फोटो निघेल, फोकस मात्र हातानेच करावा लागेल. नावात ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ आहे का ते वाच.

आता लालबाग. तिथे मागे सरकायला जागा नसते, त्यामुळे मंडपात ५० ने मूर्तीचा गुडघाच येईल. तिथे किट लेन्सचं १८ चं, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणारं, टोकच कामाचं. ५० ठेव ढोल-ताशावाल्यांच्या चेहऱ्यांसाठी. मंडपांतल्या एलईडी रोषणाईने फोटोत काळ्या आडव्या पट्ट्या येतात, त्याला घाबरून कॅमेरा घेऊन माझ्याकडे येऊ नकोस. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पुष्कळसे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदाला ठेव, बहुतेक वेळा पट्ट्या जातात.

आणि गुलाल! अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात माझं टेबल गुलाबी झालेलं असतं. झूमच्या नळीत गुलाल, बटणांच्या फटीत गुलाल, फ्लॅशच्या बिजागरीत गुलाल. मिरवणुकीत कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी चढव, लेन्सच्या तोंडाशी रबरबँड लाव आणि काही झालं तरी गर्दीत लेन्स बदलू नकोस. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग सुकं मऊ ब्रश. ओलं फडकं लावलंस की त्या गुलालाचा रंग झाला म्हणून समज. तोंडाने फुंकर तर मुळीच नाही.

घरी कॅमेरा कपड्यांच्या कपाटात नको, चामड्याच्या कव्हरात तर नकोच. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरे. नारिंगी दाण्यांचं जेल घे. निळ्यात कोबाल्ट असतं, ते घरात नको. तांदळात ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो तांदूळ शिजवून खा. त्याची पावडर मी लेन्समधून काढलेली आहे.

प्रश्न : ऑनलाइन ६,००० रुपयांत नवा कॅमेरा दिसतोय. ४८ मेगापिक्सेल, १६ एक्स झूम, मायक्रोफोनही फुकट. कंपनीचं नाव ऐकलेलं नाही. मुलाच्या वाढदिवसाला घ्यावा का? (एक वाचक, कल्याण)

उत्तर : नको. यांत सेन्सर अगदी किरकोळ असतो आणि ४८ हा आकडा फोटो फुगवून आणलेला असतो. १६ एक्स म्हणजे डिजिटल झूम : फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करून दाखवतात. लेन्स जागची हलतही नाही. वर बिघडला तर त्याचे भाग मिळत नाहीत, मीही हात लावत नाही. त्याच पैशांत नावाजलेल्या कंपनीचा वापरलेला छोटा कॅमेरा बघा, ज्यावर ‘ऑप्टिकल झूम’ लिहिलेलं असेल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, मुलुंडला असते. दरवर्षी शिवडीला फ्लेमिंगो बघायला जाते. फोनमध्ये नुसते गुलाबी ठिपके येतात. खांदा दुखतो, जड सामान नको, लेन्स बदलणं जमणार नाही. पुतण्या म्हणतो १२५ एक्स झूमचा घे.

उत्तर : बाई, पुतण्या म्हणतोय तो निकॉन पी१००० असणार. झूम अफाट, पण वजन १.४ किलो. तुमच्या खांद्याला ते परवडणार नाही. कॅनन एसएक्स७० एचएस बघा. ६५ एक्स झूम, १३६५ मिलिमीटरपर्यंत पोहोचतो आणि वजन साधारण ६१० ग्रॅम. नवा महाग वाटला तर त्याच्या आधीचा एसएक्स६० एचएस वापरलेला शोधा, झूम तेवढीच. यांचा सेन्सर मात्र वर सांगितला तो हरभऱ्याचा दाणाच आहे, म्हणून ढगाळ हवेत किंवा तिन्हीसांजेला फोटो खरखरीत येणार हे धरून चाला. भरभरून उजेड असला की हे कॅमेरे खूश करतात.

शिवडीला कॅमेऱ्यापेक्षा वेळापत्रक महत्त्वाचं. ओहोटीला पक्षी चिखलात लांब जातात. भरती चढू लागते तसे पाण्याच्या पुढे सरकत तुमच्याकडे येतात. भरतीची वेळ बघून तिच्या दोनेक तास आधी पोहोचा. धक्क्यावरून तुमचं तोंड पूर्वेला असतं, म्हणजे सकाळी ऊन समोरून येतं आणि पक्षी काळे दिसतात. दुपारनंतरची भरती निवडा, ऊन पाठीमागून पडेल आणि गुलाबी रंग खुलेल. भर दुपारी मात्र चिखलावरची तापलेली हवा थरथरते आणि लांबचा फोटो पुसट येतो. तो दोष कॅमेऱ्याचा नाही. स्टँडऐवजी कठड्यावर छोटी उशी किंवा तांदळाची पुरचुंडी ठेवून त्यावर लेन्स टेकवा. तांदूळ इथे चालतील.

प्रश्न : काका, मी गिरगावात राहते, कॉलेजला आहे. मामाच्या कपाटात २००५ चा छोटा डिजिटल कॅमेरा सापडला. हल्ली सगळ्यांना तसलेच फोटो आवडतात. मैत्रिणी म्हणतात सीसीडी या जुन्या जातीच्या सेन्सरचे रंग वेगळेच असतात. यात नवे सेल घातले तरी चालू होत नाही, आणि ६४ जीबीचं कार्ड घेऊन ठेवलंय. टाकून दुसरा विकत घेऊ का?

उत्तर : टाकू नकोस. तुला ज्या रंगांची भुरळ पडलीय, त्यात सीसीडीपेक्षा जवळून उडालेल्या फ्लॅशचा आणि त्या काळच्या कॅमेऱ्यातल्या प्रोसेसिंगचा वाटा मोठा. पण फोटो छान दिसतात, त्यामुळे वाद नको.

सेलचं झाकण उघडून स्प्रिंगा बघ. पांढरी-हिरवी पूड दिसली तर जुने सेल आत गळलेत. कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पूस, मग कोरड्या काडीने पूस, दिवसभर उघडं ठेव. आणि साधे स्वस्त सेल घालू नकोस. लेन्स बाहेर येता येताच त्यांचा जीव जातो. रिचार्जेबल एनआयएमएच सेल आण.

६४ जीबीचं कार्ड तो ओळखणार नाही. २ जीबीपेक्षा मोठी, म्हणजे एसडीएचसी, कार्डं २००६ मध्ये आली. त्याआधीच्या कॅमेऱ्यांना सहसा २ जीबीपर्यंतचं साधं एसडी लागतं. आधी खाच नीट बघ, कारण त्या काळात ऑलिम्पस आणि फुजीचे बरेच कॅमेरे एक्सडी कार्डाचे आणि सोनीचे मेमरी स्टिकचे होते. ती कार्डं आता जुन्या मालवाल्यांकडेच मिळतात. कार्ड मिळाल्याशिवाय दुरुस्तीवर पैसे घालू नकोस.

चालू झालाच, तर चौपाटीवर नेताना पिशवीत ने. लेन्सच्या नळीत वाळूचा एक कण गेला की ती अर्धवट बाहेर येऊन अडकते आणि स्क्रीनवर ‘लेन्स एरर’ येतं. अशा वेळी बोटाने ढकलू नकोस, आतली दातेरी चाकं तुटतात. सेल काढ आणि आहे तसाच दुरुस्तीला घेऊन ये.